नॅनो-कर्क्युमिन घेतल्याने हळद खरंच जास्त अंगी लागते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईला गुडघेदुखी आहे, वय साठीच्या पुढे. कोणीतरी ‘लायपोसोमल नॅनो-कर्क्युमिन’च्या कॅप्सूल सुचवल्या (कर्क्युमिन म्हणजे हळदीतला मुख्य पिवळा रेणू), डब्यावर ‘१८५ पट शोषण’ असे छापले आहे. लिपिडच्या, म्हणजे चरबीच्या, अतिसूक्ष्म नॅनोकणांमुळे आतड्यात नेमके काय बदलते, हा आकडा खरा मानायचा का, आणि घरचे हळद-दूध किंवा तुपातली हळद यांनी तेच काम होणार नाही का?

तोंडावाटे घ्यायच्या औषधांची फॉर्म्युलेशन्स बनवणे हे माझे काम, आणि त्यातही पाण्यात न विरघळणाऱ्या रेणूंशी माझा जास्त संबंध आला. म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून. लिपिड वाहकांमुळे कर्क्युमिनचे शोषण वाढते, ही गोष्ट खरी आहे. पण नॅनोकण जसाच्या तसा आतड्याची भिंत ओलांडतो, रक्तात फिरतो आणि हव्या त्या जागी औषध सोडतो, हे जाहिरातीतले चित्र बहुतांशी चूक आहे. तो कण आतड्यात पचतो. पचल्यावर जे उरते त्यात कर्क्युमिन विरघळलेले राहते की नाही, यावर सगळे ठरते. आणि ‘१८५ पट’ हा आकडा कुठल्या पदार्थाचा आहे हे कळल्याशिवाय त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

कर्क्युमिनच्या वाटेत तीन अडथळे आहेत आणि ते एकामागोमाग येतात. पहिला, पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅमच्या आसपास, तेही जेमतेम. न विरघळलेला कण आतड्याच्या पेशीत शिरू शकत नाही, तो नुसता पुढे सरकत जातो. दुसरा, लहान आतड्यातल्या किंचित अल्कधर्मी वातावरणात विरघळलेले कर्क्युमिन टिकत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ७.२ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात जवळपास ९० टक्के कर्क्युमिन विघटित झालेले आढळले. तिसरा अडथळा सर्वांत कठीण. आतड्याच्या पेशीत शिरलेल्या कर्क्युमिनला तिथली आणि पुढे यकृतातली विकरे ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून टाकतात. रक्तात पोहोचते ते प्रामुख्याने हे जोडलेले रूप. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निरोगी माणसांना ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन एका वेळी देऊनही रक्तात ते सापडले नाही. १० आणि १२ ग्रॅम घेणाऱ्यांपैकी दोघांच्याच रक्तात थोडेसे दिसले.

आता लिपिड वाहक यातले काय सोडवतात ते पाहू. पहिले दोन अडथळे ते बऱ्यापैकी सोडवतात. तिसऱ्याला ते फारसा हात लावत नाहीत. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर डब्यावरचे निम्मे दावे आपोआप बाजूला पडतात.

पचनाची प्रक्रिया इथे सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. आपण तेलतूप खातो तेव्हा जठरात त्याचे थोडे पचन होते. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो. तुपकट भांड्यावर साबण जे करतो ते पित्तातले क्षार आणि लेसिथिन हा चरबीसारखा पदार्थ करतात: चरबीचे थेंब फोडून बारीक करतात. मग लायपेज विकर ट्रायग्लिसराइडचे तुकडे करून मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइड सोडते. ही दोन्ही पित्तक्षारांसोबत जुळून काही नॅनोमीटर आकाराचे मिश्र मायसेल, म्हणजे तेलकट रेणू पोटात घेऊन पाण्यात तरंगणारे बारीक गोळे, तयार करतात. म्हणजे खरा नॅनोवाहक आपले शरीर प्रत्येक जेवणानंतर स्वतःच बनवते. पाण्यात न विरघळणारी जीवनसत्त्वे, गाजरातले बीटा-कॅरोटीन, टोमॅटोतले लायकोपीन या मायसेलमध्ये बसून पेशींच्या कडेपर्यंत जातात. आतड्याच्या अस्तराला लागून पाण्याचा एक स्थिर थर आणि म्युकसचा थर असतो. तेलकट रेणू तो एकटा पार करू शकत नाही, पण मायसेलच्या आधाराने करतो.

कारखान्यात बनवलेला १०० किंवा २०० नॅनोमीटरचा लिपिड कण या प्रक्रियेला सुटत नाही. उलट तो इतका बारीक असतो की त्याचे एकूण पृष्ठफळ प्रचंड असते, म्हणून लायपेज त्याला झपाट्याने पचवते. फायदा इथेच आहे. कर्क्युमिन आधीच लिपिडमध्ये विरघळलेले असल्याने कोरड्या पावडरीला आतड्यात विरघळण्यासाठी जी धडपड करावी लागते ती टळते. कण पचत जातो तसे ते थेट मायसेलमध्ये उतरते. आणि तोपर्यंत पाण्यापासून दूर असल्याने त्याचे विघटनही कमी होते. सबंध कण पेशींतून पार होणे, विशेषतः आतड्यातल्या पेयर्स पॅच या रोगप्रतिकारक ठिपक्यांवरच्या एम पेशींमधून, हे घडते, पण तोंडावाटे दिलेल्या पचनक्षम लिपिडच्या बाबतीत तो वाटा किरकोळ असतो.

हे प्रयोगशाळेत पाहता येते, आणि कर्क्युमिन पिवळेधमक असल्याने चक्क डोळ्यांनी पाहता येते. ३७ अंशांवरच्या भांड्यात पित्तक्षार, लेसिथिन आणि कॅल्शियम घ्यायचे, पीएच ६.५ ठेवायचा, त्यात फॉर्म्युलेशन मिसळून पॅन्क्रिएटिन (स्वादुपिंडातल्या विकरांचे मिश्रण) घालायचे. मेदाम्ले सुटतात तसा पीएच खाली जायला बघतो. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत तो जागेवर ठेवायचा. किती सोडियम हायड्रॉक्साइड लागले त्यावरून किती लिपिड पचले ते कळते. मग विकराचे काम थांबवून नमुना जोरात सेंट्रिफ्यूज करायचा. वर न पचलेले तेल, मध्ये मायसेलचा पाणीदार भाग, तळाशी गाळ. मधला भाग गडद पिवळा आणि तळ पांढुरका असेल तर फॉर्म्युलेशन चांगले. तळाशी पिवळा गाळ बसला असेल तर कर्क्युमिन पचनादरम्यान बाहेर पडून पुन्हा घन झाले. मग सुरुवातीला कणाचा आकार कितीही सुंदर असो, उपयोग नाही. पाण्यात टाकल्यावर पारदर्शक, सोनेरी द्रावण होणारी काही स्वयं-इमल्सीकारक फॉर्म्युलेशन्स या चाचणीत अगदी ढेपाळतात, कारण त्यांना सांभाळणारा पृष्ठसक्रिय, म्हणजे साबणासारखा, पदार्थच पचून जातो. म्हणून कुणी मला फक्त कणाचा आकार आणि झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचे माप) दाखवले तर मी पचनाचे आकडे मागतो.

वाहकांचे प्रकार अनेक, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. लायपोसोम म्हणजे लेसिथिनसारख्या फॉस्फोलिपिडचे दुपदरी फुगे. शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात ते दाखवून दिले. शिरेतून द्यायच्या औषधांत त्यांनी क्रांती केली, पण तोंडावाटे त्यांची तेवढी शाश्वती नाही, कारण पित्तक्षार साधे लायपोसोम फोडतात. फुगा फुटल्यावरही लेसिथिन मायसेलमध्ये जाते आणि कर्क्युमिनला मदत करते, पण मग ‘लायपोसोमने संरक्षण दिले’ असे म्हणण्यात अर्थ राहत नाही. आणि कोरड्या, घट्ट दाबलेल्या गोळीवर ‘लायपोसोमल’ लिहिलेले असेल तर त्यात खरेच फुगे आहेत का, असा प्रश्न कंपनीला जरूर विचारा. फायटोसोम ही इटलीतल्या इंडेना या कंपनीने पुढे आणलेली वेगळी कल्पना: वनस्पतीतला रेणू आणि फॉस्फोलिपिड यांचे जोडमिश्रण. ते कोरडे असू शकते, आणि त्याच्यामागे माणसांतला अभ्यासही बराच आहे. घन लिपिडचे नॅनोकण १९९० च्या दशकात आले. त्यांची अडचण साठवणुकीत दिसते: लिपिडचे स्फटिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जास्त नीटनेटक्या रचनेत जातात, आणि त्या रचनेत पाहुण्या रेणूला जागा उरत नाही. कर्क्युमिन बाहेर ढकलले जाते. म्हणून पुढे घन लिपिडमध्ये थोडे द्रव तेल मिसळून मुद्दाम अस्ताव्यस्त रचना ठेवणारे कण आले. त्यांत औषध जास्त बसते आणि जास्त टिकते.

लिपिड वाहक म्हणजे नुसता बाजाराचा बुडबुडा आहे, असे मात्र कुणी समजू नये. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना लागणारे सायक्लोस्पोरिन आधी साध्या तेलकट रूपात मिळायचे, आणि त्याचे शोषण रुग्णाच्या पित्तावर आणि जेवणावर इतके अवलंबून असे की रक्तातले प्रमाण कधी कमी, कधी जास्त. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याचे मायक्रोइमल्शन रूप आले आणि हा चढउतार बराच आटोक्यात आला. वनस्पतिजन्य संयुगांसाठीही मला हाच फायदा जास्त मोलाचा वाटतो: सरासरी किती पट वाढली यापेक्षा, रिकाम्या पोटी आणि भरल्या पोटी, एका माणसात आणि दुसऱ्यात, शोषण एकसारखे झाले का.

आता लसिकेची, म्हणजे लिम्फ या द्रवाची, गोष्ट, कारण जाहिरातीत ती हमखास येते: ‘नॅनोकण लसिकेतून जातात, त्यामुळे यकृत टळते.’ यामागे खरे विज्ञान आहे. लांब साखळीची मेदाम्ले पेशीत पुन्हा ट्रायग्लिसराइड बनतात, कायलोमायक्रॉन या चरबीवाहू कणांमध्ये भरली जातात आणि लसिकावाहिन्यांतून छातीतल्या मोठ्या वाहिनीत जाऊन थेट शिरेत उतरतात. यकृताकडे जाणारी प्रवेशिका शीर त्यांच्या वाटेत येत नाही. पण एखादा रेणू त्यांच्यासोबत जायचा असेल तर तो अतिशय तेलप्रेमी असावा लागतो. या क्षेत्रात १९८० च्या दशकापासून वापरला जाणारा ढोबळ निकष असा की तेल-पाणी वाटणीचा लॉगपी (रेणू पाण्यापेक्षा तेलात किती जातो याचे लॉगरिदमी माप) साधारण ५ च्या वर हवा आणि ट्रायग्लिसराइडमध्ये विद्राव्यता ग्रॅममागे ५० मिलिग्रॅमच्या वर. कर्क्युमिनचा लॉगपी ३ च्या आसपास, आणि साध्या खाद्यतेलात ते फारच थोडे विरघळते. दोन्ही निकषांत ते नापास होते. बीटा-कॅरोटीन, लायकोपीन, जीवनसत्त्व ई यांच्यासाठी लसिकेचा मार्ग खरा आहे. कर्क्युमिनसाठी तो मुख्य मार्ग आहे असे म्हणायला माझ्या मते पुरेसा आधार नाही. शिवाय पेशीत शिरल्या शिरल्या ग्लुकुरोनिक आम्ल जोडले जाते, म्हणजे लसिकेपर्यंत पोहोचण्याआधीच तिसरा अडथळा आडवा येतो.

आता तो १८५ चा आकडा. तो हवेतून आलेला नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्टमधल्या होहेनहाइम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याचे जवळचे भाऊबंद) तीन रूपांत दिले: साधी पावडर, बारीक केलेली पावडर आणि द्रव मायसेल. रक्तातले एकूण प्रमाण साध्या पावडरीच्या तुलनेत बारीक पावडरीने ९ पट आणि मायसेलने १८५ पट वाढले. पण दोन गोष्टी बघा. ते मायसेल पॉलिसॉर्बेट ८० या पृष्ठसक्रिय पदार्थाचे होते, लायपोसोम नव्हते. एका फॉर्म्युलेशनचा आकडा दुसऱ्या प्रकारच्या डब्यावर छापणे ही वाचकाची दिशाभूल आहे. आणि दुसरे, रक्ताचे नमुने आधी विकर घालून जोडलेले ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट सोडवून मग मोजले होते. म्हणजे १८५ पट वाढले ते मुख्यतः जोडलेले कर्क्युमिन. शोषण वाढले हे त्यातून नक्की सिद्ध होते. मुक्त कर्क्युमिन १८५ पट झाले असा त्याचा अर्थ नाही. या क्षेत्रातले बहुतेक ‘पटी’चे आकडे असेच एकूण कर्क्युमिनचे असतात. शिवाय ज्याच्याशी तुलना केली ती साधी पावडर जवळपास शून्याजवळ असते, आणि शून्याजवळच्या आकड्याने भागले की भागाकार फुगतोच.

जोडलेले रूप निरुपयोगी आहे का? यावर वाद चालू आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ते मुक्त रूपापेक्षा बरेच दुबळे ठरते. पण उंदरांच्या अस्थिमज्जेत ग्लुकुरोनाइड तोडून मुक्त कर्क्युमिन पुन्हा तयार होते, असेही २०१९ च्या सुमारास दाखवले गेले. गुडघ्यांच्या संदर्भात ते निरीक्षण महत्त्वाचे ठरू शकते, पण उंदरावरून माणसावर उडी मारायची माझी तयारी नाही.

तिसऱ्या अडथळ्याला खरा हात घालतो तो मिरीतला पायपेरिन. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर माणसांच्या रक्तातली उपलब्धता २००० टक्के वाढली. पायपेरिन ग्लुकुरोनिक आम्ल जोडणाऱ्या विकरांना रोखतो, आणि पेशीत आलेले रेणू बाहेर फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीनलाही. अडचण अशी की तो फक्त कर्क्युमिनसाठी असे करत नाही. फिनिटॉइन (अपस्मार), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाब), थिओफिलिन (दमा) या औषधांची रक्तातली पातळीही तो वाढवतो. साठीच्या पुढच्या माणसाच्या गोळ्यांच्या डब्यात काय काय असते ते आठवा. म्हणून वयस्कर रुग्णासाठी पायपेरिन घातलेल्या कॅप्सूलपेक्षा लिपिड किंवा फॉस्फोलिपिडवर आधारलेली मला बरी वाटते. बाजारात दोन्ही एकत्र घातलेलीही मिळतात. ती मी टाळायला सांगेन.

जास्त शोषण म्हणजे जास्त चांगले, हे गृहीतही तपासून घ्यायला हवे. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदणीतून अलीकडे हळदीच्या पूरकांशी जोडलेले १० रुग्ण तपशिलात प्रसिद्ध झाले. त्यातल्या एकाचा मृत्यू झाला, आणि सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा आनुवंशिक प्रकार होता. इटलीतही २०१९ मध्ये हळदीच्या पूरकांनंतर कावीळ झाल्याच्या नोंदी एकापाठोपाठ आल्या. पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकातल्या हळदीने जे होत नाही ते शोषण वाढवलेल्या अर्काने एखाद्याला होऊ शकते, कारण शरीरासमोर येणारी मात्राच वेगळी आहे. दुसरीकडे, कधीकधी शोषण नको असते. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम साधे कर्क्युमिन किंवा नकली गोळी दिली. सहा महिन्यांत कर्क्युमिनच्या गटात आजार कमी जणांत पुन्हा उफाळला. तिथे औषध मोठ्या आतड्याच्या अस्तरावरच हवे होते. सगळे वरच शोषून घेणारे नॅनोरूप अशा ठिकाणी उलट नुकसानच करेल.

घरच्या हळदीचे गणित सोपे आहे. चांगल्या हळकुंडात कर्क्युमिनॉइड साधारण २ ते ५ टक्के. विदर्भातल्या वायगावची हळद जास्त कर्क्युमिनसाठी ओळखली जाते. अर्धा चमचा, म्हणजे दीडेक ग्रॅम हळद घेतली तर ३ टक्क्यांनी सुमारे ४५ मिलिग्रॅम. त्याबरोबर कपभर दुधातली पाचेक ग्रॅम चरबी किंवा चमचाभर तूप असेल तर पित्त सुटते, मायसेल बनतात आणि नुसत्या पाण्याबरोबर घेण्यापेक्षा परिस्थिती नक्की सुधारते. फोडणीत हळद गरम तेलात टाकायची आपली पद्धत या दृष्टीने शहाणपणाची आहे, आणि आयुर्वेदातली औषधी घृतेही स्निग्ध माध्यमाचा असाच विचार करतात. पण तूप हा नॅनोवाहक नाही, आणि ४५ मिलिग्रॅम म्हणजे चाचण्यांतली मात्रा नाही. रोजच्या आहारासाठी हळद-दूध उत्तम; गुडघ्याच्या उपचाराची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

इतर वनस्पतींबद्दल थोडक्यात, कारण तोच तर्क सगळीकडे चालत नाही. विदर्भातल्या जंगलांत वाढणाऱ्या सालईच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्ले तेलप्रेमी आहेत. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतली की त्यांची रक्तातली पातळी कित्येक पट वाढते, तिथे लिपिड वाहक नक्की शोभतो. दारुहळदीतले बर्बेरिन विद्युतभारित असते आणि पी-ग्लायकोप्रोटीन त्याला बाहेर फेकते. नुसत्या तेलाने त्याचे भागत नाही. चहातली कॅटेचिन्स पाण्यात विरघळतातच. त्यांना लिपिडमध्ये कोंबण्यात विद्राव्यतेचा मुद्दाच नाही.

आता आईंबद्दल. थायलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांना चार आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क किंवा १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिले. दुखणे आणि हालचाल यांत अर्क आयब्युप्रोफेनपेक्षा कमी पडला नाही, आणि पोटाच्या तक्रारी कमी होत्या. नकली गोळीचा गट नव्हता, ही त्यातली उणीव. पण तो अर्क साधा होता, नॅनो नव्हता. म्हणजे नॅनोरूप घेतले नाही तर काहीच मिळणार नाही, असे नाही. नॅनोरूपाचा खरा उपयोग कमी मात्रेत, कमी गोळ्यांत भागण्याचा.

तरी घ्यायचेच असेल तर डब्यावर कॅप्सूलचे वजन न बघता त्यात कर्क्युमिनॉइड किती मिलिग्रॅम आहेत ते बघा. सर्वाधिक अभ्यासलेल्या फायटोसोम मिश्रणात कर्क्युमिनॉइड वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकेच असतात. पायपेरिन आहे का बघा. शोषणाचा आकडा त्याच उत्पादनाच्या, माणसांवरच्या चाचणीतला आहे का विचारा. कॅप्सूल जेवणासोबत द्या. त्यांना वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका; न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये वॉरफरिनसोबत हळदीचे पूरक घेतल्यावर एका रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) १० च्या वर गेल्याचे कळवले होते. पित्ताशयात खडे असतील तर कॅप्सूल नकोच, कारण कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावते आणि खडा नळीत अडकू शकतो. सुरू करण्याआधी यकृताची साधी रक्तचाचणी करून ठेवा, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करा. मध्येच लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडाली तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा आणि डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा.